भांडण अर्ध्यावर सोडणे म्हणजे उद्धटपणा नव्हे

पलंगावर पडलेला ओला टॉवेल, रात्री साडेदहालाही हातात असलेला मोबाइल, क्लासच्या चाचणीतले गुण किंवा नुसते 'नंतर करतो' हे दोन शब्द. किशोरवयीन मुले आणि आईवडील यांच्यातल्या भांडणाला याहून मोठे कारण लागत नाही. पाच मिनिटांत आवाज चढतात, टॉवेल बाजूला राहतो आणि 'तुला आमची किंमतच नाही'पासून 'तुम्हाला मी नकोच आहे'पर्यंत मजल जाते. मुलगा किंवा मुलगी तिथून निघू लागली, की ठरलेले वाक्य येते : 'कुठे निघालास? माझं बोलणं संपलेलं नाही.' खरे तर नेमके त्याच क्षणी तिथून बाजूला होणे सर्वांत शहाणपणाचे असते. आपल्या घरांत मात्र तोच सर्वांत मोठा गुन्हा ठरतो.

राग आला की मेंदूतील अमिग्डला हा लहानसा भाग धोक्याची सूचना देतो. रक्तात अ‍ॅड्रेनालिन मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातापायांचे स्नायू ताठरतात. समोर वाघ असता तर हे सारे उपयोगी पडले असते; समोर आई असताना त्याचा काही उपयोग नसतो. या खळबळीला लगाम घालणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाकडे इंजिन मोठ्यांचे आणि ब्रेक अजून जोडणीत, अशी अवस्था असते. अर्थात चाळिशीतल्या बापाचे ब्रेकही अशा वेळी फार चांगले लागतात असे नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या वादांचा अनेक वर्षे अभ्यास केला. वाद तापून हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले, की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची क्षमताच घटते, असे त्यांचे निरीक्षण. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे द्यावीत, असे ते सांगतात. हे प्रयोग नवरा-बायकोंवरचे आहेत, मुलांवरचे नव्हेत. पण अ‍ॅड्रेनालिन नाते विचारून रक्तात उतरत नाही. त्यामुळे 'आत्ताच्या आत्ता उत्तर दे' हा आग्रह निष्फळच ठरतो. त्या क्षणी जे उत्तर मिळते, ते विचार करून दिलेले नसते.

भांडणे होतात म्हणजे घर बिघडले, असे मानण्याचेही कारण नाही. या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासणारे एक विश्लेषण 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. किशोरवयात आईवडिलांशी होणाऱ्या वादांची संख्या पुढे पुढे कमी होत जाते, मात्र सुरुवातीच्या वर्षांपेक्षा मधल्या वर्षांत त्यांची तीव्रता वाढते, असे त्यात दिसले. वादाचे विषयही ठरलेले असतात. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी दाखवून दिले, की केस, कपडे, खोलीतला पसारा, मित्रमैत्रिणी या गोष्टी मुलांना 'माझा खासगी प्रश्न' वाटतात, तर आईवडिलांना त्यात शिस्त, सुरक्षितता किंवा 'चार लोक काय म्हणतील' दिसते. दोघे एकाच टॉवेलबद्दल बोलत असतात, पण विषय दोन असतात.

मग मुलाने नेमके करायचे काय? दार आपटून जाणे आणि सांगून जाणे यांत फरक आहे. 'मला आत्ता नीट बोलता येत नाहीये. जेवणं झाल्यावर बोलतो,' एवढे वाक्य पुरते. त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण परत येण्याची वेळ सांगितली नाही तर आईवडिलांना ते निव्वळ पळून जाणेच वाटते. वन रूम किचनमध्ये स्वतःची खोली कुठली, हा प्रश्न रास्त आहे. पण जिना आहे, गच्ची आहे, गॅलरीचा कोपरा आहे, दूध आणायला जाण्याचे निमित्त आहे. काहीच नसेल तर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारता येते. मोठ्यांनी या वेळी फक्त एकच करायचे : मागे मागे जायचे नाही.

त्या वीस मिनिटांत काय करायचे नाही, हेही माहीत हवे. 'उशीला चार गुद्दे मार, मोकळं वाटेल,' हा सल्ला सर्रास दिला जातो. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे विद्यार्थी सर्वांत जास्त रागात राहिले. काही न करता नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. मनातल्या मनात तेच भांडण पुन्हा खेळणे, 'आता असं उत्तर देईन' अशी जुळवाजुळव करणे, मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकणे, हेही गुद्देच. त्यापेक्षा श्वास सावकाश सोडत चार जिने चढावे-उतरावे.

आणखी एक साधी गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे भावनेला नाव देणे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधील अभ्यासात, चेहऱ्यांवरील भावनांना शब्दांत नाव देताना अमिग्डलाची सक्रियता कमी झालेली आढळली. मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. पण घराघरांत सगळ्यालाच 'राग' म्हटले जाते. नीट पाहिले तर तो बरेचदा राग नसतोच. आत्याच्या मुलीशी तुलना झाली तेव्हा वाटला तो अपमान असतो, सहल रद्द झाली तेव्हा हिरमोड असतो, दहावीच्या नावाने वाटते ती धास्ती असते, आपलेच चुकले हे कळल्यावर खजील वाटत असते. 'मला राग आलाय' यावर घरातून 'आम्हालाही आलाय' एवढेच उत्तर येते. 'पाहुण्यांसमोर माझे मार्क सांगितलेत, मला लाज वाटली,' यावर मात्र आईवडिलांना थांबून विचार करावा लागतो.

थांबण्याचे हे काम परत आल्याशिवाय पुरे होत नाही. तीन दिवसांचा अबोला म्हणजे विश्रांती नव्हे, ते भांडणच असते, फक्त बिनआवाजाचे. आपल्याकडे माफी मागण्याची पद्धत म्हणजे 'जेवायला चल' ही हाक. ती खरी असते, तिचा मान राखावा. पण ताट वाढले म्हणून मूळ विषय मिटत नाही. मुलांनी इथे एक भेद शिकून घ्यावा : आवाज चढवल्याबद्दल माफी मागितली, तरी मागणी मागे घ्यावी लागत नाही. 'ओरडलो ते चुकलं, पण क्लास बदलायचा आहे हे माझं म्हणणं कायम आहे.' असे बोलणे उलट उत्तर समजणाऱ्या पालकांनी, आपल्या मुलाने उद्या नोकरीच्या ठिकाणी कसे बोलावे असे त्यांना वाटते, हेही एकदा पाहावे. आणि भांडणानंतर मुलाच्या देखत मावशीला फोन करून सारी हकिकत सांगणे तेवढे टाळावे.

हे सगळे रोजच्या भांडणांसाठी. घरात मारहाण होत असेल, मूल आईवडिलांच्या पावलांच्या आवाजाने दचकत असेल, तर श्वास मोजायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे विश्वासातले शिक्षक, नातेवाईक किंवा 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन गाठायला हवी. रागाच्या भरात मूल 'मी मेलो तर बरं होईल' म्हणाले, तर ते नाटक समजून सोडून देऊ नये. शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.