ऑस्करनं गोल्डफिश कधी बघितला होता?

सुरुवात माझ्यापासूनच करतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हा दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ऑस्कर होता. पंजाएवढा, काळाकुट्ट, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे. रविवारी दुपारी राजारामपुरीतल्या आमच्या खोलीवर चार-पाच मित्र जमायचे. मी पिशवीतले दहा गोल्डफिश टाकीत सोडायचो आणि सगळे मोबाइल एकदम वर व्हायचे. पहिला गट्टम झाला की आरोळी : ‘नाद खुळा!’

आठेक महिन्यांनी तो तिरका पोहायला लागला. खाणं सुटलं. कल्ल्यापाशी पारदर्शक टिकलीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. नीट बघितलं तर ती टिकली चालत होती. आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. चार दिवसांनी सकाळी ऑस्कर उताणा तरंगत होता. तो उवांनी मेला की खाण्यानं, हा वाद मी घालत बसत नाही. दोन्ही गोष्टी त्याच पिशवीतून आल्या होत्या.

आजही असे व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांना टोकलं की एकच उत्तर येतं : ‘भावा, हे नॅचरल आहे. शिकारी मासा आहे तो.’

नॅचरल? ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. गोल्डफिश माणसानं चीनमध्ये शतकानुशतकं निवडून, जोड्या लावून घडवलेला. त्या दोघांची गाठ निसर्गानं कधीच घालून दिली नव्हती, ती आपल्या दुकानांनी घातली. ऑस्कर जंगलात मासे खातोच, पण किडे, झिंगे, गोगलगायीही खातो. अरोवानाचं तोंड बघा, वर उघडणारं आहे. तो पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे टिपणारा मासा. आणि फ्लॉवरहॉर्नला तर कुठलीच नदी नाही. 1990च्या दशकात मलेशियात संकर करून तयार केलेला तो मासा. त्याच्या नावानं निसर्गाची शपथ घेणं म्हणजे कमालच झाली.

आता मुद्द्याचं. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते ब-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. हे कळायला बिचाऱ्या कोल्ह्यांना मरावं लागलं. 1930च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटात चॅस्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चा कार्प मासा घालत होते. कोल्ह्यांचं खाणं सुटलं, तोल जायला लागला, अंग लुळं पडलं, मग ते मेले. त्या आजाराला आजही चॅस्टेक पॅरालिसिस म्हणतात. गोल्डफिश कार्पच्याच कुळातला. एखाद-दुसऱ्यानं काही होत नाही. महिनोन्महिने तेच घातलं की होतं. म्हणून तर दुकानदार छातीठोकपणे म्हणतो, ‘आजवर कुणाची तक्रार नाही.’ सहा महिन्यांनी मेलेल्या माशाची पावती कोण जपून ठेवतं? आणि ‘मग मी फ्रीजरमधला सायप्रिनस घालतो’ म्हणणाऱ्यांसाठी : थायमिनेज शिजवल्यानं मरतं, गोठवल्यानं नाही.

त्यात ‘फीडर’ म्हणून विकला जाणारा मासा हा दुकानातला सगळ्यात हलाखीचा जीव. एका टाकीत शेकड्यानं कोंबलेला, ना नीट खाणं ना औषध, कारण तो दोन दिवसांत कुणाच्या तरी पोटातच जायचा. पांढरे ठिपके, अँकर वर्म, ऊ, सगळं त्याच्याबरोबर येतं. हजारोंचा अरोवाना घेणारा माणूस त्याला दुकानातलं सगळ्यात स्वस्त आणि आजारी खाणं घालतो, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

पिल्लांसाठी लोक ट्युबिफेक्स नेतात, तो लाल वळवळणारा गोळा. त्याचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू जवळपास संपलेल्या चिखलातही तो किडा तग धरतो. म्हणजे तो भरभरून वाढतो कुठं, तर सांडपाण्याच्या गाळात. कोल्हापूरकरांना असा गाळ समजावून सांगायची गरज नाही. जयंती नाला शहरभर फिरून पंचगंगेला कुठं मिळतो ते आपल्याला नाकानं कळतं. नदीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वाचून आपण हळहळतो, आणि तसल्याच गाळातला किडा पैसे मोजून घरी आणतो, काचेच्या टाकीतल्या फिल्टर लावलेल्या पाण्यात सोडतो. नळाखाली दहा वेळा धुतला तरी त्याच्या पोटातला गाळ आणि अंगात मुरलेले जड धातू नळाखाली निघत नाहीत. रंकाळ्यातून जाळीनं आणलेली बारीक मासळीही मला नको. फुकट मिळते, मान्य. पण काय काय घेऊन येते ते सांगून येत नाही.

जिवंत खाणं घालूच नये, असं मी म्हणत नाही. जे घालाल ते कुठं वाढलं हे ठाऊक हवं, एवढंच. भिंतीवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ वाचत आपण मोठे झालो. तेच गप्पी गच्चीवरच्या टबात वाढवा. गटारातून उचललेले नव्हेत. एखादी चांगली जोडी आणा, तीन आठवडे वेगळी ठेवा, पुढची पिल्लं तुमच्या डोळ्यांसमोर वाढतील. गांडुळं चांगलीच, पण फवारणी केलेल्या उसाच्या सरीतली नकोत. एक दिवस ओल्या फडक्यात ठेवून पोट रिकामं होऊ द्या. गांडूळखतातली तांबडी गांडुळं मात्र बरेच मासे तोंडात घेऊन थुंकतात, त्यांचा स्रावच कडवट. नाकतोडे विषाचा फवारा नसलेल्या जागेतले. बादलीत डासांच्या अळ्या धरता येतात, पण आठवडा उलटायच्या आत संपवा, नाहीतर डेंगीच्या तपासणीला आलेल्या ताई तुमच्या छंदाचं कौतुक करणार नाहीत.

आणि रोजच्या जेवणाला गोळ्या. चांगल्या प्रतीच्या, बुडणाऱ्या किंवा तरंगणाऱ्या, मासा बघून. ‘आमचा खातच नाही’ हे मी खूप ऐकलंय, स्वतः म्हटलंयही. दुसऱ्या ऑस्करनं गोळीकडे सहा दिवस पाठ फिरवली. आई रोज म्हणायची, ‘उपाशी मारतोस काय रे त्याला?’ धडधाकट मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी राहिला तर मरत नाही. सातव्या दिवशी गांडुळाच्या तुकड्याबरोबर एक गोळी गेली, तिची चव कळली. आता मी खोलीत शिरलो की तो काचेवर तोंड आपटतो.

मित्र रविवारी अजून येतात. मी डबीतून सहा गोळ्या टाकतो, तो अर्ध्या मिनिटात संपवतो. मोबाइल कुणी काढत नाही. परवा एकजण कंटाळून म्हणाला, ‘यात बघण्यासारखं काय आहे?’ मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी नाही रे, त्याच्यासाठी टाकलंय.’