‘तो’ की ‘ती’, असे विचारून हसणारांस

वाचकहो, आपण स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही, असे कोणी उघडपणे सांगितले की आपल्यातील सुशिक्षित म्हणविणारे गृहस्थसुद्धा ‘मग तो म्हणायचे की ती?’ असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता हसतात. या हसण्याची आम्हांस चीड आहे. ज्यांच्या आजोबांना साठी उलटल्यावरही गावातले शेंबडे पोर ‘अरे’ म्हणून हाक मारीत असे, त्यांनी तरी सर्वनामाला क्षुल्लक समजू नये. मराठीत आदराचे ‘ते’ हाताशीच आहे. आम्ही ते पुढे वापरीत आहोत. त्याने व्याकरण बुडत असेल तर खुशाल बुडो.

ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते एंजल हेझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय रॅप-कलावंत. जन्म १९९१, डेट्रॉइट. त्यांची कला, हिप हॉप, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत १९७३ च्या सुमारास जन्मली. दोन यंत्रांवर तबकड्या फिरवून ठेका धरायचा आणि त्यावर आपली हकीकत तालात बोलायची. तिला वाद्यवृंद लागत नाही, घराणेही लागत नाही.

हेझ यांनीच सांगितल्याप्रमाणे त्यांचे बालपण एका कडक ख्रिस्ती पंथाच्या धाकात गेले. तेथे लौकिक संगीत ऐकण्यासही मज्जाव होता. २०१२ साली त्यांनी ‘रिझर्व्हेशन’ हा गीतसंच इंटरनेटवरून फुकट वाटला. त्याच वर्षी एमिनेम या गोऱ्या रॅपरच्या एका प्रसिद्ध गाण्याचे संगीत घेऊन, बालपणी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचारांची हकीकत त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितली. जी गोष्ट घरोघर अब्रूच्या नावाखाली गाडली जाते, ती त्यांनी साऱ्या जगासमोर मांडली. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे धैर्य हेच. पुढचा झगडा त्यामानाने व्यवहाराचा.

तो असा. बीबीसीच्या २०१३ च्या होतकरू कलावंतांच्या यादीत त्यांना तिसरे स्थान मिळाले होते आणि मोठ्या कंपनीशी करारही झाला होता. ‘डर्टी गोल्ड’ हा पहिला मोठा संच तयार झाला; पण कंपनीने त्याचे प्रकाशन २०१४ च्या मार्चपर्यंत लांबविले. काम वेळेत पुरे केल्यास ते त्याच वर्षी प्रकाशित करू, असा शब्द आपणांस दिला होता, असे हेझ यांचे म्हणणे. १८ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी सगळा संच स्वतःच इंटरनेटवर खुला केला. मग ३० डिसेंबरलाच तो अधिकृतपणे बाजारात आला. विक्री मात्र फारच थोडी झाली.

‘शिस्त मोडल्याचे फळ’, असे कोणी म्हणेल. सही केली म्हणजे सहीची किंमत असते, हे आम्हीही मानतो. पण समोरच्याने शब्द फिरविला असेल, तर बंधन एकट्या राबणारावरच कसे? वर्षभर राबून खळ्यावर पाटलाच्या मर्जीची वाट पाहत उभी राहिलेली माणसे आपल्याच घरांत होऊन गेली. त्यांच्या नातवंडांना हेझ यांचा संताप परका वाटावा, याचे आम्हांस नवल वाटते. २०१५ साली ‘बॅक टू द वुड्स’ हा संच त्यांनी मोठ्या कंपनीवाचून काढला. याच वर्षांत, आपल्याला कोणतेच लिंग लागू होत नाही, आपण ‘अजेंडर’ आहोत, हेही ते उघड बोलू लागले होते.

‘ही अमेरिकेची थेरे, आपल्याकडे कशाला?’ असा आक्षेप ठरलेलाच. त्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिले आहे. स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा तृतीयपंथी व्यक्तींचा हक्क न्यायालयाने मान्य केला, तो राज्यघटनेतील समानतेच्या व स्वातंत्र्याच्या कलमांच्या आधारे. त्या घटनेचे शिल्पकार कोण, हे या पत्राच्या वाचकांस सांगावे काय?

उद्या तुमच्याच घरातले लेकरू जेवता जेवता ‘मला मुलगा म्हणू नका, मुलगीही म्हणू नका’ असे म्हणाले, तर तुम्ही त्याचे म्हणणे ऐकून घेणार आहात, की गावच्या चावडीवर बसणारे लोक आपल्या आजोबांना हसत, तसे हसणार आहात?