लघुपट कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठीय वर्तुळात लघुपटनिर्मिती रुजली ती रंगभूमीने आधीच नांगरून ठेवलेल्या जमिनीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, युवक महोत्सवातील एकांकिका आणि याच शहरात उभी राहून पुढे मुंबईस गेलेली ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था यांनी समूहाने काम करण्याची जी सवय घडवली, तीच आज एमजीएम विद्यापीठाच्या फिल्म आर्ट विभागातील आणि ठिकठिकाणच्या पत्रकारिता विभागांतील विद्यार्थ्यांच्या हाती आली आहे, शिवाय अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे जगभरचे चित्रपट शहरातच मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोयही झाली आहे.

हा वारसा मोलाचा असला, तरी तो जसाच्या तसा चित्रीकरणस्थळी नेला की अडचण होते. एकांकिकेत एकाची चूक दुसरा तिथल्या तिथे सावरून घेतो. लघुपटात मात्र प्रत्येकाचे काम स्वतंत्रपणे नोंदले जाते आणि त्यातील उणीव संकलनाच्या टेबलावर, कित्येक दिवसांनी उघडकीस येते. ध्वनीच्या बाबतीत हे सर्वांत ठळकपणे दिसते. औरंगपुऱ्यातील एखाद्या भाड्याच्या खोलीत दोन पात्रांचा संवाद चित्रित होत असताना पंखा बंद करणे, फ्रिजचे बटण दाबणे आणि खालून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज ओसरेपर्यंत सर्वांना थांबवून धरणे ही कामे कोणाची, हे बहुधा ठरलेलेच नसते. ‘रूम टोन’ घेणे, म्हणजे सर्वांनी स्तब्ध राहून त्या जागेचा केवळ पार्श्वध्वनी अर्धा ते एक मिनिट मुद्रित करणे, तर घाईत हमखास राहून जाते. मग संवाद कापून जोडताना मधल्या फटींत भरायला काहीच उरत नाही आणि प्रत्येक कापाशी खोलीच बदलल्याचा भास होतो. मोबाइलवरील चित्रीकरणाने यात भर घातली आहे. मोबाइलच्या चित्रीकरणात चौकटींचा वेग अनेकदा कमीजास्त होत राहतो, तर वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला ध्वनी एकाच गतीने चालतो. त्यामुळे क्लॅपवर, म्हणजे टेकच्या आरंभीच्या फळीच्या आवाजावर, अचूक जुळवलेला संवाद लांब टेकच्या अखेरीस ओठांपासून सुटलेला आढळतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची होते, आणि तीन-चार चौकटींचे अंतर पडले की ते प्रेक्षकाला खटकू लागते. चौकटींचा वेग स्थिर ठेवणारे ॲप वापरणे किंवा संकलनापूर्वी फाइल स्थिर वेगात रूपांतरित करणे हा उपाय अवघड नाही, परंतु तो करण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी लागते.

ती नसते, याचे मूळ गुणदानात आहे. तोंडी परीक्षेत प्रश्न दिग्दर्शकाला आणि छायाचित्रकाराला विचारले जातात; ध्वनिमुद्रक, कंटिन्युइटी सांभाळणारा (एका शॉटमधील वेशभूषा, वस्तू आणि हालचाली पुढच्या शॉटशी जुळतात की नाही हे पाहणारा) आणि निर्मितीव्यवस्था पाहणारा यांना गटाचे सरासरी गुण मिळतात. त्याऐवजी निम्मे गुण तयार लघुपटाला सामायिक ठेवावेत आणि उरलेले प्रत्येकाने आपल्या भूमिकेत ठेवलेल्या नोंदींवर द्यावेत. जर्नल आदल्या रात्री उतरवून काढण्याची विद्या महाविद्यालयांत किती प्रगत आहे हे वाचकांस सांगणे नको. म्हणून ध्वनीच्या आणि कंटिन्युइटीच्या नोंदी चित्रीकरणाच्या त्याच संध्याकाळी विभागाकडे यायला हव्यात.

गुणांपेक्षा अधिक नाजूक प्रश्न मालकीचा आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला लघुपट वर्गाबाहेर किती दूर जाऊ शकतो, हे अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना नागराज मंजुळे यांनी केलेल्या ‘पिस्तुल्या’ने दाखवून दिले, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नसून निर्माता असतो, आणि निर्माता म्हणजे ती कृती तयार करण्यात पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. प्रमुख दिग्दर्शकालाही कर्ता मानण्याचा प्रस्ताव २०१० च्या विधेयकात होता, पण २०१२ च्या दुरुस्तीत तो उतरला नाही. स्वतःला लेखक-दिग्दर्शक म्हणवणाऱ्या विद्यार्थ्याला हे ऐकून धक्का बसतो. कॅमेरा आणि परवानगीसाठीचे पत्र विभागाचे, जेवणाचा व प्रवासाचा खर्च सहा जणांच्या वर्गणीचा आणि धावपळ एकाच मुलीची, अशा स्थितीत पुढाकार कोणाचा मानायचा? बीबी का मकबरा किंवा दौलताबादचा किल्ला यांसारख्या संरक्षित स्मारकात चित्रीकरण करायचे तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते, आणि तिथेही अर्जदार म्हणून कोणाचे तरी नाव लिहावेच लागते.

यासाठी वकिली मसुद्याची गरज नाही. निर्माता कोण, वर्गणी किती व ती कोणत्या क्रमाने परत करायची, महोत्सवांत लघुपट पाठवण्याचा निर्णय कोणाचा, रोख पारितोषिकाची वाटणी कशी आणि मूळ फाइली कोणाकडे राहणार, एवढे मराठीत एका पानावर लिहून सर्वांनी सही केली की पुरे. मात्र विभागाने हा कागद संहितेला मंजुरी देतानाच मागायला हवा. पारितोषिक जाहीर झाल्यावर तो करायचा म्हटले, तर तोवर गटातले निम्मे सदस्य पुण्या-मुंबईस गेलेले असतात.