मरीयेचे लुगडे

परवा एका स्नेह्यांकडे चहाला गेलो होतो. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी नुकतीच आंजेलो द फोन्सेका यांच्या एका चित्राची छापील प्रत लावली होती. गव्हाळ वर्णाची, डोक्यावरून पदर घेतलेली मरीया आणि तिच्या मांडीवर बाळ. तिथे आलेले दुसरे एक गृहस्थ, चांगले शिकलेसवरलेले, तीनचारदा युरोप पाहून आलेले, त्या चित्राकडे पाहून हसले आणि म्हणाले, "गोड आहे हो, पण ही काही खरी मरीया नव्हे. ही आपली कुणी शेजारीण दिसते. बायबलमधली मरीया पाहायची तर राफाएलची पाहावी!"

यजमानांच्या भिडेखातर मी त्या वेळी गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून बोचते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बायबलमधली मरीया! या गृहस्थांनी ते पुस्तक उघडले असते तर मरीयेच्या वर्णाविषयी, नाकाडोळ्यांविषयी, वस्त्राविषयी त्यांना एक अक्षर सापडले नसते. चारही शुभवर्तमाने याबाबतीत मुकी आहेत. राफाएलची मरीया सुंदर आहे, पण ती इटलीतली बाई आहे. नासरेथच्या सुताराशी वाङ्‌निश्चय झालेल्या यहुदी मुलीशी तिचे नाते फोन्सेकांच्या मरीयेहून तसूभरही जवळचे नाही. उलट डोक्यावरचा पदर आणि उन्हाने रापलेली कातडी या दोन गोष्टींत आपली शेजारीणच नासरेथला अधिक जवळची ठरावी.

मूळ ग्रंथ फार थोडे सांगतो. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती, हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या, म्हणून माणसेही तीन झाली. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत; त्यांचा माग काढावा तर यशयाच्या ग्रंथापर्यंत मागे जावे लागते. एदेन बागेतले ते फळ सफरचंद होते, असेही उत्पत्तीत कुठे लिहिलेले नाही. अशा रिकाम्या जागा चित्रकारांनी आपापल्या अंगणातून भरल्या, आणि आपण ते सारे 'बायबलमधले' म्हणून घोकत बसलो.

कधी तर जागा रिकामीही नसते, नुसता शब्द निसटलेला असतो. रोमच्या सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने १५१३ ते १५१५च्या सुमारास कोरलेला मोशे बसला आहे. दाढी छातीवर लोळते आहे, डोळ्यांत अंगार आहे आणि डोक्यावर चक्क दोन शिंगे! सीनाय पर्वतावरून उतरताना मोशेचे मुख तेजाने फाकले होते, असे निर्गमात आहे. पण त्या हिब्रू क्रियापदाचे शिंगवाचक शब्दाशी सख्खे नाते. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम लॅटिन भाषांतराला बसला, तेव्हा त्याने शिंगांचा अर्थ उचलला. जवळजवळ अकराशे वर्षांनी तो शब्द संगमरवरात उतरला. ही शिंगे पाहून कुणी म्हणत नाही, की हा खरा मोशे नव्हे. युरोपात चुकले की ती परंपरा, आणि पुण्यात लुगडे नेसवले की ती गंमत!

आणि ब्रूगेल? १५६६ साली त्याने बेथलेहेममधली शिरगणती रंगवली. चित्र आज ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. बेथलेहेम म्हणून त्याने फ्लँडर्समधले एक खेडे काढले आहे, आणि त्यावर बर्फ पडले आहे. खाणावळीच्या खिडकीशी माणसांची झुंबड आहे. कुणी डुक्कर मारते आहे, पोरे बर्फावर घसरताहेत. या गर्दीत खांद्यावर करवत टाकून योसेफ चालला आहे, मागे गाढवावर निळ्या झग्यातली मरीया. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खाणावळीच्या भिंतीवर हॅब्सबर्ग घराण्याचा दुतोंडी गरुड टांगलेला आहे. लूकमध्ये रोमच्या कैसराचा हुकूम सुटतो. ब्रूगेलच्या मुलखात तेव्हा स्पेनच्या राजाचा अंमल होता. सरकार माणसे मोजते ते कशासाठी, हे त्या गावाला कळत होते. हा वेश बदलण्याचा खेळ नव्हे. हे वाचन आहे. त्याच साली त्याच मुलखात, मूर्ती करू नको या आज्ञेचा आधार घेऊन जमावांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडली. वचने त्याच पुस्तकातली. एकाने त्यातून चित्र काढले, दुसऱ्याने हातोडा उचलला.

'खऱ्या'चा हट्ट धरणारे हे गृहस्थ पहिले नव्हेत. १५७३ साली व्हेनिसमध्ये व्हेरोनेसेला धर्मन्यायालयापुढे उभे केले होते. प्रभूच्या शेवटच्या भोजनात विदूषक, बुटके, जर्मन शिपाई कशाला, असा सवाल होता. कवींना आणि वेड्यांना जी मोकळीक असते ती आम्हा चित्रकारांनाही असते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. चित्र स्वखर्चाने दुरुस्त करण्याचा हुकूम झाला. त्याने नावच बदलून 'लेवीच्या घरची मेजवानी' केले. बेरकी माणूस!

नुसते वेशांतर मलाही खपत नाही. गोऱ्या विलायती बाहुलीला पातळ गुंडाळून तिला 'भारतीय मरीया' म्हणणारी चित्रे मी पाहिली आहेत. ती वाईटच आहेत. फोन्सेकांचे तसे नाही. १९०२ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस शांतिनिकेतनात शिकला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला, आणि १९६७ साली वारला. लुगड्यातली मरीया गोव्यातल्या अनेक धर्मनिष्ठांना रुचली नाही. पोर्तुगीज अमदानीत त्यांनाही युरोपीय तोंडवळाच पवित्र वाटे. खरे तर हिंदुस्थानात हा उद्योग नवा नव्हता. १५८० साली गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी फत्तेपूर सिक्रीत अकबराला अँटवर्पचे छापील बायबल भेट दिले, आणि दरबारचे चितारी विलायती चित्रांवरून आपल्या कलमाने मरीया काढू लागले.

स्नेह्यांकडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचे बोलावणे आहे. ते गृहस्थही येणार आहेत, असे कळते. ब्रूगेलच्या त्या बर्फाची एक छापील प्रत मी मिळवून ठेवली आहे, चकल्यांची ताटली पुढे येण्याआधी ती त्यांच्या हातात देणार आहे आणि विचारणार आहे, "यातले बेथलेहेम कुठले, तेवढे दाखवा."