विस्कटलेला पट

सुटीत बडोद्यास दांडिया बाजारात मामांकडे जाणे झाले. त्यांचा शाळकरी नातू संगणकाशी बुद्धिबळ खेळत होता. पहिल्या दहाबारा चाली त्याला मुखोद्गत. पुढे मात्र हटकून मात. त्या पाठांतरापुढे निभाव लागेना, म्हणून मामांनी त्याच्याशी खेळणे केव्हाच सोडले होते.

“काका, सोंगट्या वेगळ्या मांडल्या, तर यंत्र गोंधळेल का?” त्याने विचारले.

अशी मांडणी खरोखरच आहे. माजी जगज्जेते बॉबी फिशर ह्यांनी ती १९९६ साली ब्वेनोस आयर्स येथे जाहीर केली. प्यादी जागच्या जागी ठेवून मागची ओळ चिठ्ठ्या टाकून लावावयाची. दोन्ही बाजूंची मांडणी एकच. उंट भिन्न रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढेच बंधन. उंटांच्या १६ रीती, वजिराच्या ६, घोड्यांच्या १०; गुणाकार ९६०. आपली नेहमीची मांडणी ही त्यांपैकी केवळ एक होय.

परंतु यामुळे यंत्राचे फारसे बिघडत नाही. त्याला पढविलेल्या सुरुवातीच्या चाली निरुपयोगी ठरतात खऱ्या. पण हिशेब करण्याची शक्ती अबाधित राहते. १९९७ साली कास्पारोव्ह ह्यांना हरविणारे ‘डीप ब्लू’ सेकंदास सुमारे २० कोटी स्थिती तपाशी. मनुष्याचे सामर्थ्य ओळखीच्या रचनांवर उभे असते. विल्यम चेझ व हर्बर्ट सायमन ह्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती नवशिक्याहून कितीतरी अचूक मांडी. सोंगट्या वाटेल तशा ठेवताच हे श्रेष्ठत्व जवळजवळ लोपले.

मग ह्या रीतीचा लाभ कोणाला? मनुष्याशी खेळणाऱ्या मनुष्याला. दोघांचेही पाठांतर बाजूस पडते आणि पहिल्याच चालीपासून विचार करावा लागतो. नाशिकचे विदित गुजराथी एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसला अशाच स्पर्धेत खेळले.

आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तीन डाव झाले. तिन्ही यंत्राने जिंकले. मुलगा खट्टू झाला. मग त्याने लाकडी पट काढला, पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि म्हणाला, “आजोबा, या. आता मलाही काही पाठ नाही.”

मामांनी चष्मा पुसला आणि ते पटाजवळ सरकले.