क्रूस : गुलामांची शिक्षा

क्रूस म्हटला की येशू ख्रिस्ताची प्रतिमा डोळ्यांपुढे उभी राहते. शतकानुशतकांच्या श्रद्धेने त्या लाकडाला पावित्र्य दिले आहे. परंतु ज्या समाजाने ते उभारले, त्याच्या लेखी त्यात पवित्र असे काहीच नव्हते. रोमन लोक तिला गुलामांची शिक्षा म्हणत, आणि तिचे सारे मर्म या नावातच आहे.

ही शिक्षा मूळची रोमची नव्हे. कार्थेजमध्ये ती अपयशी सेनापतींनाही दिली जाई. इ. स. पूर्व ३३२ मध्ये टायर जिंकल्यावर अलेक्झांडरने दोन हजार जणांना समुद्रकिनारी क्रुसावर चढविल्याचे कुर्टियस हा इतिहासकार सांगतो. रोमने मात्र या क्रौर्याला व्यवस्थेचे रूप दिले. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर क्रॅससने सहा हजार कैद्यांना कापुआ ते रोम या मार्गावर क्रुसावर चढविले. रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरांचा. म्हणजे दर तीस-पस्तीस मीटरांवर एक क्रूस! हे कैदी बाजारात विकले असते, तर मोठी रक्कम हाती आली असती. तिच्यावर पाणी सोडण्यात आले, कारण शेतांवर आणि खाणींत राबणाऱ्या असंख्य गुलामांच्या मनातील धाक त्याहून मोलाचा होता. त्या सूडामागे असा हिशेबही होता.

हा हिशेब किती रोजचा झाला होता, याची साक्ष नेपल्सजवळच्या पुतिओली येथील एक कोरीव लेख देतो. अंत्यविधी आणि देहदंड यांच्या ठेक्याच्या अटी त्यात आहेत. मालकाला आपल्या गुलामास खाजगीरीत्या शिक्षा करावयाची असल्यास आडवे लाकूड वाहणारे, फटके मारणारे आणि वध करणारा यांच्यासाठी प्रत्येकी चार सेस्टर्स त्याने द्यावेत. नगराधिकाऱ्याची आज्ञा असल्यास क्रूस, खिळे, डांबर व मेण ठेकेदाराने विनामूल्य पुरवावे! माणसाच्या यातनांचे असे दरपत्रक होते.

इ. स. पूर्व ७० मध्ये सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्याविरुद्ध सिसेरो कडाडला, तो त्याने गावियस नावाच्या रोमन नागरिकाला क्रुसावर चढविले म्हणून. आरोपाचा सारा भर नागरिकत्वावर होता. ज्याला नागरिकत्वच नव्हते, त्याच्यासाठी असा वकील उभा राहणे कठीण होते.

क्रुसावर मेलेल्या हजारोंच्या अस्थींचा पुरावाही अगदी मोजका आहे. १९६८ मध्ये जेरुसलेममधील एका थडग्यात टाचेच्या हाडात खिळा रुतलेला सांगाडा सापडला. अस्थिपात्रावर त्याचे नावही कोरलेले होते. त्याला आप्त होते, म्हणून थडगे लाभले आणि नावही उरले. ॲपियन मार्गावरच्या सहा हजारांचे तसे काहीच उरले नाही.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ही शिक्षा बंद केल्याचे प्राचीन ग्रंथकार सांगतात. क्रूस गेला, गुलामगिरी मात्र टिकली. ज्या नात्यातून ती शिक्षा जन्मली, त्या मालक-गुलामाच्या नात्याला कोणी हात लावला नाही. एखाद्या राज्याच्या न्यायाची पारख करावयाची, तर प्रतिष्ठितांना मिळणाऱ्या संरक्षणाकडे पाहून भागत नाही. ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याच्या वाट्याला तो कायदा काय देतो, हेच पाहावे लागते.