अकरावीत कॉम्प्युटर : आधी विचारा, मग फी भरा



दहावीचा निकाल लागला की वस्तीत एकच प्रश्न, "कॉम्प्युटर घ्यावा की आय.टी.?" नावे सारखी, विषय निराळे. आजवर कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्षी विषय 200 गुणांचा. त्यापायी बहुधा दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सुटते. मुलीच्या मनात डॉक्टर व्हायचे असेल, तर तिथेच वाट अडते. आय.टी. 100 गुणांचा, कला, वाणिज्य शाखेलाही घेता येतो. तेव्हा शेजाऱ्याचे पाहून फॉर्म भरू नका. यंदा कोणता विषय सुटतो, विनाअनुदानित तुकडीची फी शिष्यवृत्तीत बसते का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आजच काढा. आणि मुलीलाही विचारा. शिकायचे तिला आहे.

जय भीम!